मागचा शॉकअप किती दम खातो?

माजलगावात पोराला सायकल घ्यायला बाप दुकानात शिरला की पोराचं बोट हमखास सीटखालच्या जाडजूड लाल स्प्रिंगकडे जातं. डबल शॉकअपच पाहिजे. बापाला वाटतं, पायडलवर मारलेला जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरणार आणि पोरगं लवकर दमणार. दुकानदार म्हणतो, आपल्याकडच्या रस्त्यांना हीच बरी, पाठीला गचके बसत नाहीत. बापाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, दुकानदाराचं पाव.

निकाल आधीच सांगून टाकतो. पंचवीस हजारांच्या आत सायकल घ्यायची असेल तर मागं शॉकअप नसलेली घ्या, म्हणजे हार्डटेल. तिच्या पुढच्या चिमट्यात शॉकअप असतो आणि मागची फ्रेम ताठ असते. मागचं चाक वेगळ्या हातावर बसवून त्याला बिजागरी आणि शॉकअप दिला की ती फुल सस्पेन्शन, दुकानातली डबल शॉकअप. हार्डटेल घ्या म्हणतो त्याचं कारण मात्र बापाच्या शंकेपेक्षा वेगळं आहे. ते नीट समजून घेतलं तर घरात आधीच येऊन पडलेली डबल शॉकअपसुद्धा बरीच हलकी चालवता येते.

जोर जातो कुठं

सपाट रस्त्यावर आपला जोर मुख्यतः दोन गोष्टी खातात, समोरची हवा आणि टायर. चढ आला की वजन खातं. खडबडीत रस्ता आला की अंगाला बसणारे गचके खातात. चैन आणि छर्रे तेलपाण्यात असतील तर त्यांचा वाटा किरकोळ.

थोडा आकड्यांत हिशेब करू, ढोबळच. सत्तर किलोचा माणूस, चौदा किलोची सायकल, सपाट डांबरी रस्ता, वारा पडलेला, वेग ताशी २० किलोमीटर. हवा कापायला साधारण ५० वॅट लागतात. दातेरी टायर नीट भरलेले असतील तर ते ५५ वॅटच्या आसपास खातात. सरावातला माणूस तासभर १०० ते १५० वॅट काढू शकतो, म्हणजे ही चाल त्याला झेपते. आता त्याच टायरांतली हवा निम्म्यावर आणा, टायर स्वस्तातला जाड रबराचा असू द्या. टायरचा खर्च ८०-९० वॅटवर जाऊ शकतो. पंचवीस-पस्तीस वॅट नुसत्या टायरपायी गेले, आणि चालवणारा म्हणणार, सायकलच जड आहे.

यात मागची स्प्रिंग किती खाते? पायडलच्या एका फेऱ्यात दोनदा जोर पडतो, एकदा उजव्या पायाचा, एकदा डाव्याचा. दर वेळी सायकल थोडी बसते आणि उठते. बसताना स्प्रिंग जी ऊर्जा साठवते ती उठताना बहुतेक परत देते. खरी खाणारी गोष्ट म्हणजे शॉकअपच्या आतलं तेल. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं, गरम होतं आणि ती उष्णता हवेत जाते. ते तेल तिथं घातलेलंच त्यासाठी असतं, नाहीतर एका खड्ड्यानंतर सायकल दहा वेळा उड्या मारील. सीटवर बसून, एका लयीत पायडल मारताना हा तोटा थोड्या वॅटांचा असतो. सीट सोडून उभं राहून जोर मारला की तो वाढतो, कारण तेव्हा अख्खं अंग वरखाली होतं आणि शॉकअप दरवेळी खोल दबतो.

चांगल्या फुल सस्पेन्शनमध्ये यावर दोन इलाज केलेले असतात. एक, मागच्या हाताची बिजागरी अशा जागी असते की चैन ताणली गेली की तोच ताण सायकलीला बसू देत नाही. दोन, लॉकआउट. हँडलवरची किंवा शॉकअपवरची छोटी दांडी फिरवली की शॉकअप जवळपास ताठ होतो. चढाला लावायचा, उताराला सोडायचा.

दुकानातल्या स्वस्त डबल शॉकअपमध्ये यातलं काहीच नसतं. बऱ्याच सायकलींत त्या लाल स्प्रिंगच्या पोटात उड्या थांबवणारा तेलाचा डॅम्परही नसतो, नुसती स्प्रिंग आणि मधून गेलेला दांडा. बिजागरीला छर्रे नसतात, बुश असतो. त्यात धूळ गेली की तो घासतो आणि झिजला की मागचं चाक डावं-उजवं डुलायला लागतं. अशी सायकल साधारण १८ ते २० किलो भरते, तर बऱ्यापैकी ॲल्युमिनियमची हार्डटेल १४-१५ किलोंत बसते.

शर्यतीवाल्यांना काय वाटतं

पोरं मोबाईलवर डोंगरातून उड्या मारणाऱ्या सायकली बघतात आणि त्यांना वाटतं, आपली तीच. म्हणून थोडा इतिहास. सायकलीसाठी हायड्रॉलिक शॉकअपचा चिमटा बाजारात आणणारी रॉकशॉक्स कंपनी १९८९ ची. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ड्युरँगोला माउंटन बाईकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि उतारावरच्या शर्यतीत असला चिमटा लावलेली सायकल जिंकली. पुढचा शॉकअप लोकांनी तेव्हापासून पटकन स्वीकारला. मागच्याचं तसं झालं नाही. १९९६ साली अटलांटात माउंटन बाईक ऑलिंपिकमध्ये आली, पण पुरुषांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीचं सुवर्ण फुल सस्पेन्शनवर यायला २०१२ चं लंडन उजाडलं. चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीनं ते मिळवलं. एवढी वर्षं जगातले बरेच चांगले स्वार या चढ-उताराच्या शर्यतीला मागं ताठ सायकल घेऊन उतरत होते. हलके शॉकअप, चांगले लॉकआउट आणि २९ इंची चाकं आली तेव्हा पारडं फिरलं. त्या सायकलींची किंमत लाखांत मोजायची असते.

माणसांवर मापं घेऊनही हा वाद तपासला गेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वारांना दोन्ही तऱ्हेच्या सायकलींवर डांबरी आणि कच्चा, असे दोन्ही चढ चढायला लावले. फुल सस्पेन्शनवर मापकानं जास्त वॅट दाखवले, म्हणजे बापाची शंका पोकळ नाही. पण चढायला लागलेला वेळ आणि शरीरानं वापरलेला ऑक्सिजन यांत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी २००६ साली कृत्रिम खडबडीत मार्गावर स्वार बसवले, तेव्हा तिथं मागं ताठ असलेल्या सायकलीवरच जास्त ऑक्सिजन लागला आणि हृदयाचे ठोकेही जास्त पडले.

याचं कारण सोपं आहे. ताठ सायकलीचं मागचं चाक दगडावर चढतं तेव्हा सायकल आणि वर बसलेला माणूस, दोघांनाही उचलावं लागतं. पुढं जाण्यातला थोडा वेग त्या उचलण्यात खर्ची पडतो आणि उरलेला गचका मांड्या, कंबर, पाठ यांचे स्नायू सोसतात. स्नायूंनी सोसलेला गचका म्हणजे फुकट गेलेला दमच. मागं शॉकअप असेल तर चाक तेवढं उचललं जातं, माणूस जागच्या जागी. म्हणून सलग खडबडीत रस्त्यावर, बसून आणि वेगात चालवायचं असेल तेव्हा मागचा शॉकअप दम वाचवतो. प्रश्न एवढाच, की तसा रस्ता तुमच्या रोजच्या वाटेवर आहे किती.

माजलगावचे रस्ते धरून बघू

गढीकडून येऊन पाथरीकडं जाणारा कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग आणि परतूरकडून येऊन तेलगाव, धारूरकडं जाणारा खामगाव-पंढरपूर महामार्ग, या दोन्हींवर मागच्या शॉकअपला काही कामच नाही. सिमेंटच्या रस्त्यावर ठरावीक अंतरानं जोड लागतात आणि सीटखाली टक-टक होत राहते, खरं आहे. ती टक-टक घालवायला दोन इंची टायर आणि हवेचा नेमका दाब पुरतो. क्लासला, कॉलेजला, मोंढ्यात, बँकेत जाणाऱ्यांचं सगळं फिरणं याच रस्त्यांवर होतं. त्यांनी स्प्रिंगवर पैसे घालू नयेत.

कॅनॉलच्या कडेचा रस्ता वेगळा. धरणापासून निघालेल्या कालव्याच्या बाजूनं पहाटे फिरणारी मंडळी तिथं दिसतात. मुरूम, मध्येच उघडे पडलेले गोटे, कुठं वाळू साचलेली. इथं हार्डटेल आणि कमी हवेचे रुंद टायर ही जोडी उत्तम. टायर स्वतःच बारीक खडे गिळतो आणि मागच्या शॉकअपनं जे करायचं त्यातलं बरंचसं तो फुकटात करतो. मंजरथला गोदावरी-सिंदफणेच्या संगमावर किंवा पुरुषोत्तमपुरीला जाणाऱ्यांनाही हेच लागू, त्या वाटेवर डांबर आणि खड्डे आलटून पालटून येतात.

मागच्या शॉकअपची खरी वाट म्हणजे उसाच्या हंगामातली पांदण. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ओल्या काळ्या मातीत चाकोऱ्या पाडतात आणि त्या वाळल्या की विटेसारख्या टणक होतात. ढेकळं, चाकाचे ठसे, मध्येच पाटाच्या पाण्यानं खचलेली जागा. ताठ सायकलीवर तिथं बसून पायडल मारताच येत नाही. दर चार हातांवर सीट सोडायची, पुन्हा बसायचं, लय मोडायची. चांगला मागचा शॉकअप असेल तर माणूस बसून, एका लयीत निघून जातो. पण आपल्यापैकी रोज पाच-सात किलोमीटर पांदणीनं सायकल हाणणारे किती? शेतावर जाणारा बहुतेक जण मोटारसायकल काढतो.

राहिला धारूरचा घाट. तेलगाव सोडून धारूरकडं निघालं की बालाघाटाच्या रांगेत रस्ता वर चढतो. अरुंद वळणं, उसाच्या गाड्या, ट्रक. हौशी सायकलवाल्यांची खरी परीक्षा इथं होते आणि दोन्ही सायकलींतला वजनाचा फरक इथंच लागतो. आपल्या सत्तर किलोच्या माणसानं १२० वॅट धरून १०० मीटर उंची गाठायची तर चौदा किलोच्या सायकलीवर नुसतं वजन उचलायलाच साडेअकरा मिनिटं लागतात. सायकल पाच किलोंनी जड असेल तर त्यात चाळीस सेकंदांची भर पडते, म्हणजे कष्ट सहा टक्क्यांनी वाढतात. सपाटीवर तेच पाच किलो ताशी २० च्या चालीला तीन-साडेतीन वॅट खातात, जाणवतसुद्धा नाहीत. तेव्हा घाटात जाणार नसाल तर वजनाचाही फार बाऊ करू नका. जाणारच असाल तर उजाडताना जा, एकटे जाऊ नका आणि मागं लाल दिवा लावा.

दुकानात काय बघायचं

पैसे मोजण्याआधी दहा मिनिटं सायकलीजवळ घालवा. डबल शॉकअप बघत असाल तर एका हातानं सीट आणि दुसऱ्या हातानं मागचा टायर धरून दोन्ही विरुद्ध दिशांना हलवा. बिजागरीत खट् असं हललं तर ती सायकल जागेवर ठेवा. नवी असताना हलते ती सहा महिन्यांनी डुलणार. मग सीटवर बसून थोडं उसळा. उठल्यावर सायकल दोन-तीन वेळा वरखाली झाली तर आत डॅम्पर नाही. हार्डटेल असो की डबल शॉकअप, पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार टाका. चिमटा सरळ दबला पाहिजे आणि शांत परत आला पाहिजे, ठक् करून नाही.

फ्रेमवर सीट किती वर काढता येते ते बघा, कारण दम खाण्यात सीटच्या उंचीचा वाटा मागच्या स्प्रिंगपेक्षा जास्त असतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सगळ्यात खाली असलं, की पाय जवळपास सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. आपल्याकडं दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे हँडलला लागायला येतात. तशा सायकलीवर कुणीही दमेल, शॉकअप असो वा नसो.

कॅरिअरचा विचार लोक घरी आल्यावर करतात. दप्तर, डबा, भाजीची पिशवी, दुधाचं कॅन, आपल्या सायकलीला काहीतरी लादल्याशिवाय चालत नाही. हार्डटेलच्या मागच्या फ्रेमला बहुतेकदा कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँडची जागा असते. फुल सस्पेन्शनवर साधं कॅरिअर बसत नाही. बसवलंच तर त्यावरचा भार मागच्या हातासकट उड्या मारतो किंवा नटबोल्ट सैल करतो. रोजच्या सायकलीसाठी माझ्या मते एवढं एक कारणही पुरे.

गिअरची संख्या बघून भुलू नका. मागच्या चाकावरची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची आहे ते विचारा. घाट चढायचा असेल तर ती मोठी असलेली बरी, म्हणजे चढावर बसून, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारत जाता येतं. उरलेले पैसे टायरवर घाला. बारीक दात्यांचे, मधून जवळपास सलग पट्टी असलेले टायर डांबरावर हलके चालतात आणि मुरमावरही तग धरतात. जाड दातेरी टायर दिसायला दणकट असतात, पण रोज डांबरावर फिरणाऱ्यानं ते कशाला वाहायचे?

हवेचं गणित

साठ-सत्तर किलोचा माणूस आणि २.१ इंची टायर असेल तर डांबरावर ४५ ते ५० पीएसआय, कॅनॉलच्या मुरमावर ३० ते ३५. पोरगं पंचेचाळीस-पन्नास किलोचं असेल तर यातून सहा-आठ कमी करा. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त ठेवा, भार तिकडं असतो. ट्यूब असताना २५ च्या खाली जाऊ नका. खड्ड्यात टायर रिंगेला टेकतो आणि ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या बाजूला छापलेला जास्तीत जास्त दाब म्हणजे भरायचा दाब नव्हे, ती मर्यादा आहे. खडबडीत रस्त्यावर गच्च भरलेला टायर उड्या मारतो आणि उडी मारण्यात जोर जातो, गुळगुळीत रस्त्यावर मात्र ढिला टायर चेपला जाण्यात जोर जातो. मधली जागा ज्यानं त्यानं शोधायची.

गिअरच्या बऱ्याच सायकलींच्या ट्यूबला मोटारसायकलसारखाच वॉल असतो. त्यामुळं कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते आणि गेजवर दाब वाचताही येतो. पण दुकानातला पोरगा मोटारसायकलच्या सवयीनं भरतो आणि अंगठा दाबून 'झालं' म्हणतो. गेज असलेला पायपंप घरी ठेवा, काही महिन्यांत वसूल होतो.

पंक्चरचं काय करायचं? इथं सराटा आणि वेडी बाभूळ यांच्याशी गाठ आहे. कॅनॉलकडे जाणाऱ्यांनी ट्यूबमध्ये सीलंट घालावं किंवा टायर आणि ट्यूबच्या मध्ये पट्टी बसवावी. पट्टीनं चाक थोडं जड होतं, पण शेतातून सायकल खांद्यावर घेऊन येण्यापेक्षा ते परवडतं.

घरात आधीच डबल शॉकअप असेल तर

विकू नका, विकून काही येत नाही. आधी सीट वर काढा, टायरमध्ये हवा भरा, चैन पुसून कोरड्या हवेसाठीचं हलकं तेल घाला. गाडीचं काळं, वापरलेलं ऑइल चैनीला लावायची आपल्याकडं पद्धत आहे. ते धूळ धरून ठेवतं आणि चैनीचा सँडपेपर होतो.

मग स्प्रिंग. तिच्या टोकाला फिरणारी रिंग असते. ती आवळली म्हणजे स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळं बसल्यावर सायकल कमी खचते. तुम्ही शांत बसल्यावर शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत दबावा. त्याहून जास्त खचत असेल तर रिंग दोन-तीन फेरे आवळा. तरीही खचत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. स्प्रिंगवर ६५०, ७५०, ८५० असे आकडे छापलेले असतात, मोठा आकडा म्हणजे कडक स्प्रिंग. तेवढ्याच लांबीची, वरच्या आकड्याची स्प्रिंग काहीशे रुपयांत बदलून मिळते आणि सायकलीची निम्मी डुलकी तिथंच थांबते.

वेल्डिंगच्या दुकानात जाऊन मागचा शॉकअप कायमचा जाम करून घेणारे असतात. तसं करू नका. उष्णतेनं फ्रेमचा पाइप कमजोर होतो आणि भार भलत्याच जागी येतो. बिजागरीतली ढिलाई तर तशीच राहते.

चालवताना उभं राहून जोर मारायची सवय सोडा. चढ दिसला की एक गिअर हलका घ्या, बसून राहा, पाय गोल फिरू द्या. खाली दाबला जाणारा जोर जितका एकसारखा, तितकी सायकल कमी डुलते. हे हार्डटेलवाल्यालाही लागू आहे, पण डबल शॉकअपवर फरक लगेच दिसतो.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेला कुठलीच सायकल घालू नका. चाक आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत माती भरते, चाक फिरायचंच थांबतं. डबल शॉकअपच्या मागच्या हातात ही फट बहुतेक वेळा अरुंदच असते. गेलातच तर माती काडीनं काढा, सायकल बादलीतल्या पाण्यानं धुवा. गाड्या धुवायच्या सेंटरवरचा जोराचा फवारा बिजागरीवर आणि चाकाच्या मधोमध मारला की आतलं ग्रीस निघून जातं आणि मागं राहतं ते पाणी. उन्हाळ्यात पुढच्या चिमट्याच्या चकचकीत नळ्या दर फेरीनंतर कापडानं पुसा, त्यावरची धूळ आतलं सील खाते.

स्वतः मोजून बघा

मित्राकडं हार्डटेल आणि तुमच्याकडं डबल शॉकअप असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा एक सकाळ मोजण्यात घाला. वारा उठायच्या आधीची वेळ धरा. एकच चढ निवडा, पायडल मारत सहा-आठ मिनिटं लागतील असा, फारशी वाहनं नसलेला. खाली आणि वर खडूनं रेघ मारा. दोन्ही सायकलींत सारखी हवा, सीट आपापल्या उंचीला. आधी हार्डटेल, मग डबल शॉकअप, पुन्हा डबल शॉकअप, शेवटी हार्डटेल, या क्रमानं चढा. म्हणजे दमण्याचा परिणाम दोघींना सारखा वाटला जातो. दर चढाईनंतर पुरेसं थांबा. घड्याळात ठोके दिसत असतील तर ते एका आकड्यावर धरून ठेवा. नसतील तर शेजारच्याशी तुटक बोलता येईल इतकाच दम लागू द्या. वेळा लिहून काढा आणि दोघींची सरासरी घ्या.

मग तेच कॅनॉलच्या गोट्यांवर करा, सपाटीला. तिथं आकडे उलटण्याची शक्यता आहे, निदान पाठ तरी उलट सांगेल. दोन्हीकडचा फरक अर्ध्या मिनिटाच्या आत आला, तर नव्या सायकलीला पैसे घालण्याआधी जुनीला चांगले टायर घालून पुन्हा एकदा चढून बघा.